आवक आपल्या हातात नसते: दोन-तीन लिंकवर येणारं ट्रॅफिक कसं वळवायचं

रात्रीचे सव्वानऊ, नाशिकमधल्या एका छोट्या इंटरनेट प्रोव्हायडरचं ऑफिस. लिंक 'क' पाच जीबीपीएसची, तिचा आलेख वर जाऊन सपाट झालाय, पट्टी ठेवून रेघ मारावी तसा. शेजारची लिंक 'ख' तीन जीबीपीएसची, तिच्यावर जेमतेम नऊशे एमबीपीएस. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, सगळीकडून एकच तक्रार: व्हिडिओ गोल गोल फिरतोय. आणि ऑफिसात कुणीतरी राउटरवर लोकल प्रेफरन्सचे (अनेक वाटांतली कुठली आधी धरायची ते राउटरला सांगणारे) आकडे बदलत बसलेलं असतं. शंभरचे दोनशे केले, दोनशेचे पाचशे केले, आलेख जागचा हलत नाही. हलणारच नाही, कारण लोकल प्रेफरन्स जावक ठरवतो आणि तक्रार आवकेची आहे.

गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडायचा ते दरवाज्यावर बसलेल्यांच्या हातात असतं. आवक किती होणार ते त्र्यंबकच्या डोंगरात किती कोसळतो त्यावर. इंटरनेटचंही तसंच आहे. आपल्याकडे येणारं पॅकेट कुठल्या वाटेने यायचं हे वाटेतले दुसऱ्यांचे राउटर ठरवतात, त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या खर्चाच्या हिशेबाने. आपण फक्त बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना आपापले पत्ते ज्या भाषेत कळवतात तिच्यात) जाहीर करू शकतो की हे पत्ते इथे राहतात. आवक वळवायचे जे काही उपाय आहेत ते सगळे या जाहीर करण्यातच आहेत: काय जाहीर करायचं, कुणाकडे करायचं आणि सोबत कुठली चिठ्ठी जोडायची.

राउटरवर रांगा लावून, क्यूओएसचे (कुठल्या पॅकेटला आधी सोडायचं याचे) नियम लिहूनही आवक सुटत नाही. पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचायच्या आधीच ज्याच्याकडून लिंक घेतली त्या वरच्या प्रोव्हायडरच्या टोकाला गळालेलं असतं. कसारा घाटात कोंडी झाल्यावर मुंबई नाक्यावर नवा सिग्नल बसवून काय होणार?

आधी मोजा

दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे पाहिल्याशिवाय पुराबद्दल बोलायचं नाही, ही नाशिकची जुनी रीत. इथे तोच मान फ्लोच्या नोंदींना द्या. राउटरवर नेटफ्लो किंवा एसफ्लो, म्हणजे कुठून कुठे किती ट्रॅफिक गेलं याच्या नोंदी ठेवणारी सोय, चालू करा. एसफ्लोला दोन हजारांत एक पॅकेट एवढं सॅम्पलिंग या कामासाठी पुरतं. मग रात्री नऊ ते अकरा एवढ्याच वेळाचा तक्ता काढा. त्यात तीन रकाने हवेत: ट्रॅफिक कुठल्या एएस नंबरवरून (प्रत्येक नेटवर्कच्या ओळख क्रमांकावरून) निघालं, कुठल्या लिंकने आत आलं, आणि आपल्या कुठल्या /२४ कडे (२५६ पत्त्यांच्या गटाकडे) गेलं. दिवसभराची सरासरी काढू नका, तिच्यात रात्रीची गर्दी विरघळून जाते.

घरगुती ग्राहक असलेल्या प्रोव्हायडरकडे हा तक्ता फार लांब नसतो. गूगल, मेटा, नेटफ्लिक्स, अकामाई, क्लाउडफ्लेअर, ॲमेझॉन अशी मोजकी नावं वर बसतात आणि बहुतेक आवक त्यांचीच असते. म्हणजे अख्खं इंटरनेट वळवायचं नाही, या आठ-दहा नेटवर्कना दुसरी वाट पसंत पडेल एवढं करायचं आहे. हे एकदा कळलं की निम्मी धडपड वाचते.

आणखी एक. दहा जीबीपीएसच्या पोर्टवर पाच जीबीपीएस विकत घेतलेले असतील तर आपल्या इंटरफेसवर एकही ड्रॉप दिसणार नाही. गळती पलीकडच्या बाजूला, प्रोव्हायडरच्या मर्यादेवर होते. आलेखाचा माथा सपाट आहे, आणि पहाटे चारला न हरवणारे पिंग रात्री साडेनऊला हरवतात, एवढ्या दोन खुणांवर लिंक भरली असं समजा. पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख ४.७ दाखवत असला तरी सेकंदा-सेकंदाला ती पाचला धडकत असते.

पलीकडचा राउटर कसा निवडतो

सगळ्यात आधी प्रीफिक्सची, म्हणजे जाहीर केलेल्या पत्त्यांच्या गटाची, लांबी; तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका प्रीफिक्स लांब आणि गट लहान. /२३ आणि /२४ दोन्ही दिसत असतील तर /२४ जिंकतो, बाकी काहीही असो. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला जाहीर केलेला एक /२४ बाहेर सुटला आणि जगभरचं यूट्यूबचं ट्रॅफिक तिकडे वळलं. यूट्यूब स्वतः /२२ जाहीर करत होतं, म्हणून हरलं. तीच ताकद आपल्याला चांगल्या कामासाठी वापरायची आहे.

लांबी सारखी असेल तर त्या नेटवर्कचा लोकल प्रेफरन्स. मग एएस पाथची (वाटेतल्या एएस नंबरांच्या यादीची) लांबी, मग ओरिजिन (रूट मुळात कसा आला त्याची खूण), मग एमईडी (शेजाऱ्याने 'ही वाट बरी' म्हणून सुचवलेला आकडा), आणि शेवटी जवळचं बाहेर पडायचं ठिकाण वगैरे. यातली गोम दुसऱ्या पायरीवर आहे. जवळजवळ प्रत्येक मोठं नेटवर्क आपल्या ग्राहकाकडून आलेल्या रूटला सर्वात वरचा लोकल प्रेफरन्स देतं, त्याखाली पिअरिंगचा (बरोबरीच्या नेटवर्कशी केलेल्या थेट जोडणीचा), आणि पैसे मोजून घेतलेल्या ट्रान्झिटचा (उरलेल्या इंटरनेटपर्यंतच्या वाटेचा) सर्वात खाली. ग्राहकाच्या वाटेने पैसे येतात, ट्रान्झिटच्या वाटेने जातात, एवढं साधं गणित. एएस पाथ त्यानंतर बघितला जातो. प्रीपेंड करून (पाथ मुद्दाम लांब दाखवून) "काहीच झालं नाही" म्हणणाऱ्यांचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

प्रीपेंड: सगळे इथून सुरू करतात

भरलेल्या लिंकवर आपला एएस नंबर एकदा जास्त जोडून पाठवायचा, म्हणजे ती वाट लांब दिसते. उदाहरणाला कागदपत्रांसाठी राखलेले नंबर घेऊ: आपण ६४५००, 'क' ६४५०१, 'ख' ६४५०२. 'क' कडून जगाला आधी "६४५०१ ६४५००" दिसत होतं, आता "६४५०१ ६४५०० ६४५००" दिसेल.

एक लावा, दुसऱ्या दिवशी रात्रीची गर्दी बघा, मग पुढचं ठरवा. बदल पसरायला काही मिनिटंच लागतात, पण निकाल गर्दीच्या वेळेलाच कळतो. दुपारी तीन वाजता बघून "जमलं" म्हणू नका. प्रीपेंडची चाल गुळगुळीत नसते, हा त्याचा मोठा दोष. एकने काहीच हलत नाही, दोनने एक मोठं कंटेंट नेटवर्क एकदम पलीकडे उडी मारतं आणि आता 'ख' तुंबते. पाथची लांबी पूर्णांकात मोजतात, त्यामुळे मधला दीड असा पर्याय नाही.

तीनच्या पुढे जाऊ नका. बरीचशी नेटवर्क तीन-चार उड्यांच्या अंतरावर असतात, तिसऱ्या प्रीपेंडपर्यंत जे वळायचं ते वळून जातं. जे उरतं ते लोकल प्रेफरन्समुळे उरतं, ते दहा प्रीपेंडनेही वळत नाही. शिवाय लांब पाथ म्हणजे चोराला आमंत्रण: कुणी चुकून किंवा मुद्दाम आपला प्रीफिक्स जाहीर केला तर त्याची आखूड वाट आपल्या लांब वाटेवर मात करते. दोन्ही लिंकवर तीन-तीन प्रीपेंड लावलेल्या कॉन्फिगरेशनही बघायला मिळतात. त्याने फरक शून्य पडतो, धोका मात्र दोन्हीकडे वाढतो.

आकडा टाकताना रकाना कुठला आहे ते बघा. २००९ च्या फेब्रुवारीत चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या प्रोव्हायडरने 'किती वेळा' या रकान्यात आपला एएस नंबर, ४७८६८, लिहिला. त्याच्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरने तो आकडा आठ बिटांत बसवला. ४७८६८ ला २५६ ने भागलं की बाकी २५२ उरते, म्हणून २५२ वेळा प्रीपेंड झालं. तो अवाढव्य पाथ जगभर पसरला आणि जुन्या सॉफ्टवेअरचे राउटर आपली बीजीपी सत्रं तोडत सुटले.

तुकडे करणं: खरी ताकद इथे

आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या एपीनिकच्या २०१९ पासूनच्या धोरणाप्रमाणे नव्या सभासदाला जास्तीत जास्त /२३ मिळतो, म्हणजे ५१२ पत्ते. भारतात हे काम आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेमार्फत होतं. समजा आपला पट्टा १९८.१८.०.०/२३ आहे (हा चाचण्यांसाठी राखलेला पट्टा आहे, तो कॉपी करून लावू नका). त्याचे दोन /२४ होतात. १९८.१८.०.०/२४ फक्त 'क' कडे जाहीर करायचा, १९८.१८.१.०/२४ फक्त 'ख' कडे. आणि पूर्ण /२३ दोघांकडेही. रोजच्या दिवशी /२४ जिंकतात, आवक दोन वाटांनी येते. 'क' तुटली की तिचा /२४ मागे घेतला जातो आणि 'ख' कडचा /२३ त्या पत्त्यांना सांभाळून घेतो.

/२५ करून आणखी बारीक करू असं मनात येतं. ते चालत नाही. आयपीव्ही४ मध्ये /२४ हून लहान आणि आयपीव्ही६ मध्ये /४८ हून लहान तुकडा बहुतेक नेटवर्क फिल्टरने टाकून देतात.

बारीक फोडणी नॅटच्या (अनेक ग्राहकांना एका पब्लिक आयपीमागे बसवणाऱ्या सोयीच्या) पूलमध्ये द्यायची. हा भाग फारसा कुणी वापरत नाही, आणि माझ्या मते छोट्या प्रोव्हायडरकडे याहून चांगलं हत्यार नाही. हिशेब असा: एका आयपीवर सत्रांना देता येणारे पोर्ट नंबर १०२४ ते ६५५३५ म्हणजे ६४,५१२. एका पब्लिक आयपीमागे ६४ ग्राहक ठेवले तर प्रत्येकाला १००८ पोर्ट येतात, घरगुती वापराला पुरेसे. समजा ऐन गर्दीत ४०९६ ग्राहक जोडलेले आहेत आणि प्रत्येकामागे सरासरी दीड एमबीपीएस पडतात (हा आकडा तुमच्या आलेखातून काढा). मग ६४ पब्लिक आयपी लागतात आणि एका आयपीमागे सुमारे ९६ एमबीपीएस आवक येते. आता ४० आयपी पहिल्या /२४ मधून द्या आणि २४ आयपी दुसऱ्यामधून. 'क' वर ३८४० एमबीपीएस, 'ख' वर २३०४. पाच आणि तीन जीबीपीएसच्या लिंक, दोन्ही सुमारे ७७ टक्क्यांना. 'क' वर थोडा ताण वाढला तर दोन आयपी इकडचे तिकडे करा, दोनशे एमबीपीएस सरकले. एवढी बारीक चावी प्रीपेंडमध्ये कधीच मिळणार नाही.

प्रत्यक्षात आकडे इतके गोड जुळत नाहीत, पण दोन-तीन रात्रींत जवळ येतात. पूल बदलताना चालू सत्रं तुटतात, म्हणून हे काम पहाटे करा. आणि नॅटच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला नवी वाटणी कळली आहे ना ते त्याच वेळी तपासा. नंतर पोलिसांकडून अमुक वेळी अमुक आयपी कुणाकडे होता अशी विचारणा आली की ती चूक महागात पडते.

तुकडे केल्यावर काय बिघडतं

पहिलं, आरओए, म्हणजे कुठला पट्टा कुठल्या एएसने जाहीर करायचा याचा सही केलेला दाखला. /२३ साठी आरओए काढलेला आहे आणि त्यात कमाल लांबी २३ च आहे, तर तुमचे /२४ आरपीकेआयच्या (हे दाखले तपासायच्या व्यवस्थेच्या) दृष्टीने अवैध ठरतात. तपासणी करणारी नेटवर्क ते टाकून देतात, न करणारी घेतात. यात फसवं असं की काहीच बंद पडत नाही. टाकून दिलेल्या /२४ च्या जागी /२३ चालून जातो, वेबसाइट उघडतात, फक्त निम्मं ट्रॅफिक तुमचं ऐकत नाही. लोक मग दोन आठवडे प्रीपेंडशी खेळत बसतात. जेवढे प्रीफिक्स खरोखर जाहीर करणार आहात तेवढ्यांचेच नेमके आरओए काढा: एक /२३ चा, दोन /२४ चे. कमाल लांबी सैल ठेवून मोकळं होऊ नका.

दुसरं, प्रोव्हायडरचा फिल्टर. तुमच्याकडून /२३ च येणार असं त्यांच्या यादीत असेल तर /२४ दारातच अडतो. आयआरआरमध्ये (रूटच्या सार्वजनिक नोंदवहीत) दोन्ही /२४ चे रूट ऑब्जेक्ट टाका, प्रोव्हायडरला लेखी कळवा. त्यांच्या याद्या अनेकदा दिवसातून एकदाच ताज्या होतात, तेव्हा तासाभरात दिसलं नाही म्हणून घाबरू नका. बाहेरून खात्री करायला राइप स्टॅट, रूट व्ह्यूज किंवा कुठल्याही मोठ्या नेटवर्कचा लुकिंग ग्लास (त्यांच्या राउटरला दिसणारे रूट दाखवणारं पान) उघडा. आपल्या राउटरवर 'पाठवला' असं दिसणं म्हणजे जगाने घेतला असं नव्हे.

तिसरं जरा खोल आहे आणि निदान करताना भल्याभल्यांना चकवतं. १९८.१८.०.० मधल्या ग्राहकाची आवक 'क' ने येते, पण त्याची जावक तुमच्या नियमाप्रमाणे 'ख' ने जाते. 'ख' ने तुमच्या पोर्टवर कडक यूआरपीएफ (खोट्या सोर्स पत्त्याची पॅकेट अडवणारी चाळणी) लावलेलं असेल, तर त्यांचा राउटर विचारतो: या सोर्स पत्त्याकडे जायची माझी सर्वोत्तम वाट याच पोर्टने आहे का? त्याच्याकडे तो /२४ बाहेरून, 'क' च्या वाटेने आलेला आहे. उत्तर 'नाही', पॅकेट फेकलं. ग्राहकाला निम्म्या साइट उघडतात, निम्म्या नाही. उपाय दोन. 'ख' ला यूआरपीएफ सैल करायला सांगा. किंवा तोच /२४ 'ख' कडेही पाठवा, पण नो-एक्स्पोर्ट कम्युनिटी ('बाहेर सांगू नका' अशी चिठ्ठी), ६५५३५:६५२८१, जोडून. मग 'ख' तो आपल्या एएसमध्येच ठेवतो, बाहेर सांगत नाही. दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे. 'ख' च्या स्वतःच्या नेटवर्कमधून किंवा त्यांच्या कॅशमधून (लोकप्रिय मजकुराच्या प्रती साठवणाऱ्या सर्व्हरमधून) निघणारं ट्रॅफिकही मग थेट येतं, 'क' कडून वळसा घालत नाही.

चौथं, दोन एज राउटर आहेत आणि नॅट त्या दोघांवर वेगवेगळं चालतं, तर एकाने बाहेर गेलेल्या सत्राचं उत्तर दुसऱ्यावर येऊन मरतं. नॅटची पेटी दोन्ही राउटरच्या मागे, एकाच जागी हवी.

कम्युनिटी, एमईडी, एक्स्चेंज

कम्युनिटी म्हणजे रूटसोबत जोडलेली चिठ्ठी. १९९६ पासून ही सोय आहे. 'क' च्या यादीत अशा चिठ्ठ्या असतात: याचा लोकल प्रेफरन्स ग्राहकापेक्षा खाली न्या, अमुक पिअरला सांगू नका, तमुक पिअरला दोन प्रीपेंड लावून सांगा. प्रीपेंडला न जुमानणारं ट्रॅफिक यानेच वळतं, कारण इथे थेट पलीकडचा लोकल प्रेफरन्स बदलतो. यादी प्रत्येक प्रोव्हायडरची वेगळी. विक्रीच्या माणसाला ती माहीत नसते, एनओसीला (नेटवर्क सांभाळणाऱ्या तांत्रिक कक्षाला) मेल टाकून मागा. नवी लिंक घेताना करारावर सही करायच्या आधी मागितली तर लवकर मिळते, हेही खरं. तुमचा एएस नंबर ६५५३५ च्या वरचा असेल तर तो जुन्या सोळा-सोळा बिटांच्या कम्युनिटीत बसत नाही. त्यासाठी २०१७ पासून लार्ज कम्युनिटी आहेत. आणि सिस्कोवर शेजाऱ्याला कम्युनिटी पाठवायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती राहिली की सगळं बरोबर लिहूनही पलीकडे कोरी चिठ्ठी जाते.

एमईडी एकाच प्रोव्हायडरकडे दोन ठिकाणी जोडलेले असाल तरच कामाचं, एक लिंक नाशिकला आणि एक मुंबईला अशी. लहान आकडा जिंकतो. दोन वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये त्याची तुलना होत नाही.

मुंबईत डीई-सीआयएक्स, एक्स्ट्रीम आयएक्स किंवा निक्सी अशा एक्स्चेंजचं (नेटवर्क जिथे एकमेकांना थेट जोडतात त्या जागेचं) पोर्ट घेतलं असेल तर कंटेंट नेटवर्क बहुधा तीच वाट धरतात, पिअरिंगचा प्रेफरन्स वरचा म्हणून. त्यामुळे एक्स्चेंजचं पोर्टच भरतं आणि ट्रान्झिट रिकामं पडतं. एक्स्चेंजच्या रूट सर्व्हरला (सभासदांचे रूट एकमेकांना कळवणाऱ्या मशीनला) कम्युनिटीने सांगता येतं की अमुक एएसला माझा प्रीफिक्स देऊ नका. मात्र एक्स्चेंजपर्यंतची लिंक वाढवणं बहुतेक वेळा ट्रान्झिट वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं, तेव्हा आधी ते भाव काढा. घरात नेटफ्लिक्सची कॅश पेटी असेल तर तिच्या बीजीपी सत्रात नवे /२४ जातायत का ते बघा. तुम्ही सांगाल त्याच प्रीफिक्सना ती माल देते आणि तिथेही लांब प्रीफिक्सच आधी धरते.

केबल खरंच दोन वाटांनी जाते का

'क' आणि 'ख' वेगवेगळ्या कंपन्या आहेत म्हणजे केबलही वेगळी, असं नसतं. दोघांची फायबर मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने एकाच चरातून कसारा उतरत असेल तर एका जेसीबीत दोन्ही जातात. सिंहस्थाच्या कामांची खोदाई चाललेल्या शहरात हे ध्यानात ठेवलेलं बरं. नकाशा मागा. दिला नाही तर पिंग काहीतरी सांगतं. काचेतून प्रकाश किलोमीटरला एका दिशेने पाच मायक्रोसेकंद घेतो. नाशिक-मुंबई सुमारे १७० किलोमीटर, जाऊन-येऊन १.७ मिलिसेकंद. सिन्नर-संगमनेरवरून पुणे आणि तिथून मुंबई म्हणजे साधारण ३६० किलोमीटर, नुसत्या प्रकाशालाच ३.६ मिलिसेकंद. "आमची लिंक पुण्यावरून जाते" म्हणणाऱ्याच्या मुंबईच्या राउटरकडून २.६ मिलिसेकंदांत उत्तर येत असेल तर ती पुण्यावरून जात नाही.

लिंक तुटल्यावरचाही हिशेब आत्ताच करा. वरच्या उदाहरणात 'क' गेली की सहा जीबीपीएसची मागणी तीनच्या लिंकवर येते. सिस्कोवर बीजीपीचा होल्ड टाइम (शेजारी गप्प झाल्यावर वाट बघायचा वेळ) मुळात १८० सेकंद असतो. केबल मधेच तुटली आणि पोर्टचा दिवा जळत राहिला तर तीन मिनिटं 'क' तुमची आवक खड्ड्यात टाकत राहील. दोन्ही बाजूंनी बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते झटपट तपासणारी सोय) लावा. ३०० मिलिसेकंद गुणिले तीन, म्हणजे सेकंदाच्या आत कळतं. ठरवून काम करायचं असेल तर ग्रेसफुल शटडाउनची कम्युनिटी, ६५५३५:०, आधी पाठवा. प्रोव्हायडर ती मानत नसेल तर दहा मिनिटं आधी /२४ मागे घ्या आणि आवक उतरल्यावरच केबलला हात लावा.

'ख' शी ९५ व्या पर्सेंटाइलचा करार (वरच्या पाच टक्के नोंदी सोडून उरलेल्यातल्या सर्वात मोठ्या आकड्यावर बिल) असेल तर तुटीच्या दिवसांची धास्ती कमी होते. तीस दिवसांत पाच मिनिटांच्या ८६४० नोंदी होतात, वरच्या पाच टक्के म्हणजे ४३२ सोडून देतात. महिन्याला ३६ तास फुकट. रोजची अडीच तासांची गर्दी मिळून ७५ तास होतात, ती काही सुटत नाही, पण एका रात्रीची उडी बिलात दिसत नाही.

ज्यांच्याकडे एएस नंबर नाही

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात दोन ब्रॉडबँड लाइन असतात, बीजीपीचा प्रश्नच नाही. तिथे नियम सोपा आहे: जे सत्र ज्या लाइनच्या पत्त्यावरून निघालं त्याची उत्तरं त्याच लाइनने येतात. म्हणजे इथे जावक वाटली की आवक आपोआप वाटली जाते. वाटणी पॅकेटनिहाय करू नका, सत्रनिहाय करा. बँकेच्या साइटसाठी तर मशीननिहाय, नाहीतर मधेच आयपी बदलला म्हणून लॉगिन बाहेर फेकलं जातं. आणि लाइन जिवंत आहे का हे प्रोव्हायडरच्या गेटवेला पिंग करून ठरवू नका. गेटवे चालू आणि पुढे अंधार, असं कितीदा तरी होतं. दोन वेगळे बाहेरचे पत्ते धरा.

बाहेरून आत यायचं असेल, ईआरपीला किंवा कॅमेऱ्यांना, तेव्हा आधी राउटरचा वॅन (प्रोव्हायडरच्या बाजूचा) पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही प्रोव्हायडरच्या नॅटमागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी व्यर्थ. स्टॅटिक आयपी घ्या. दोन्ही लाइनवर पोर्ट उघडले तर ज्या लाइनने सत्र आलं तिच्यावर खूण लावून उत्तर तिथूनच पाठवावं लागतं. मायक्रोटिकमध्ये कनेक्शन मार्क आणि त्यावरून राउटिंग मार्क. हे राहिलं की दुसऱ्या लाइनचं पोर्ट बाहेरून मेल्यासारखं दिसतं. नावाचा डीएनएस टीटीएल (नावाचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) ६० सेकंदांवर आणला तरी काही रिझॉल्व्हर जुना पत्ता बराच वेळ धरून बसतात.

यापेक्षा मुंबईत एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या आणि दोन्ही लाइनवरून त्याच्याशी एकेक वायरगार्ड (व्हीपीएन) टनेल बांधा. बाहेरच्या जगाला फक्त त्या सर्व्हरचा पत्ता. तुमच्याकडे येणारं ट्रॅफिक ही त्या सर्व्हरची जावक झाली, आणि तो तुमचाच आहे, तेव्हा कुठल्या टनेलने धाडायचं हे तुम्हीच ठरवता. नॅटमागच्या लाइनवर कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर टनेल झोपतो. टनेलचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) मुळात १४२० असतो. लाइन पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असून टनेल आयपीव्ही६ वरून जात असेल तर १४१२ करा. छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल काही केबींवर अडकते, असं दिसलं तर सगळ्यात आधी हाच आकडा बघा.